दोन फेऱ्या आणि एक रेघ

कोळवणच्या चंद्राबाईला बोटीचं कौतुक कधीच नव्हतं. समुद्र बघायची हौस होती ती तिच्या नवऱ्याला, गेणबाला, आणि तीही इतकी जुनी की तो स्वतःच विसरून गेला होता. विसरला नव्हता तो साहिल, त्यांचा मुलगा. रस्त्याकडेचं वावर पुण्याच्या एका डॉक्टरला फार्महाऊससाठी विकलं, इसार हातात पडला, आणि पठ्ठ्यानं पहिलं काम काय केलं, तर आईबापाला मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीची तिकिटं काढली. तीही एका फेरीची नाही, दोन. बोट तीच, खोली तीच, एक फेरी संपली की लगेच दुसरी. सलग घेतली तर दुसरी निम्म्यात पडते, असं बुकिंगवाल्यानं त्याच्या गळी उतरवलं होतं.

"घराला फरशी बसवायचीय आये. धुरळ्यात कुटं बसताय, या फिरून," साहिल म्हणाला. पोराच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

चंद्राबाईचा जीव अडकला होता भलतीकडंच. त्या विकलेल्या वावराच्या वरच्या कोपऱ्यात, जांभळीखाली, तिची हौसा होती. दीड वर्षाची असताना ऐन उन्हाळ्यात तापानं गेली. साहिलचा तेव्हा पत्ताही नव्हता. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि आपल्याच मातीत पुरतात. वर दगड नाही, चौथरा नाही, नुसती जांभळीची सावली. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पितरांसाठी पाण्याची मडकी भरतात. चंद्राबाई त्या दिवशी एक लहान मडकं जास्तीचं भरायची आणि एकटीच वर जाऊन तिथं ओतून यायची. तापानं फणफणून मेलेलं लेकरू, तहानलेलं असणार, एवढंच तिला कळत होतं. वावर विकायला ती तयार झाली ती एकाच अटीवर, की त्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही. डॉक्टर भला माणूस. राहू द्या की, झाडही राहील, म्हणाला.

पण माणूस हो म्हणतो आणि मशीन येतं ते दुसराच कुणीतरी घेऊन येतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चंद्राबाई डबाभर चुना घेऊन वर गेली. भात मळून झालं की खळ्यावर रास घालतात आणि राशीभोवती राखेची रेघ ओढतात. ती रेघ ओढली की संपलं. घरचा असो की बाहेरचा, राशीला कुणी बोट लावत नाही. चंद्राबाईनं जन्मभर अशा रेघा ओढल्या होत्या. राख वाऱ्यानं उडाली असती म्हणून तिनं चुना घेतला आणि हौसाभोवती चांगला ऐसपैस, ठसठशीत गोल काढला. साहिलनं बांधावरून बघितलं आणि तिच्यासमोरच डॉक्टरच्या सुपरवायझरला, एकनाथला, फोन लावला.

"वरच्या अंगाला चुना मारलाय बघा. त्याचं तेवढं नीट बघून घ्या," तो म्हणाला. पलीकडून एकनाथ हो हो म्हणाला आणि चंद्राबाईचा जीव भांड्यात पडला.

बोट कसली, पाण्यावर उभं केलेलं गावच ते. पहिल्या दिवशी सगळ्यांना नारिंगी जाकिटं दाखवली, बोट बुडायला लागली तर कुठल्या दाराशी उभं राहायचं ते शिकवलं. चंद्राबाईनं ते इतकं मनावर घेतलं की जेवतानाही ती त्या दारावर नजर ठेवून बसली. गेणबा मात्र खुलला. पटका बांधून डेकवर फिरायचा. रात्रीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकानं त्याला स्टेजवर ओढलं आणि विचारलं, मामा, मामीला पळवून आणलंय का? सगळं सभागृह हसलं, गेणबा लाजून लाल झाला. खोली आवरणारा माणूस टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवायचा. चंद्राबाईनं तो मोडला नाही. टॉवेल लागला तर पदराला हात पुसले.

जेवणाच्या टेबलावर कोथरूडच्या साधनाताई भेटल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलक्या. गोव्याहून परतताना चंद्राबाईनं त्यांना हौसाचं सांगितलं. इतक्या वर्षांत परक्या माणसाला पहिल्यांदाच. साधनाताईंनी काही शहाणपण शिकवलं नाही, नुसता हात धरून बसल्या.

मुंबई आली आणि बोट रिकामी झाली. दोन फेऱ्यांवाली मोजकीच माणसं होती, त्यांना एका दालनात बसवलं. खोलीचं जुनं कार्ड घेतलं, नवं दिलं. सामान खोलीतच राहू द्या, म्हणाले. कालपर्यंत जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं आता नुसते झाडूवाले. दारात उभं राहून नोकरमाणसं उतरणाऱ्यांना हात हलवत होती, एका पोरीच्या डोळ्यांत तर पाणी होतं. तेवढ्यात साहिलचा फोन आला. सगळं बरं आहे म्हणाला, फरशीवाले आलेत म्हणाला, आणि बोलता बोलता म्हणाला, उद्या डॉक्टरचं जेसीबी येतंय.

चंद्राबाई खुर्चीतून उठली. साधनाताई बॅग घेऊन निरोप घ्यायला आल्या होत्या, त्यांच्याही कानावर ते पडलं. "माझी गाडी येणार आहे," त्या म्हणाल्या. "चांदणी चौकात सोडते, तिथून कोळवण किती लांब? चला."

"अवो, जाते मी," चंद्राबाई नवऱ्याला म्हणाली. "मशीन येतंय. मी तितं असल्याली बरी."

गेणबाचं तोंड पडलं. एकट्यानं तो काय करणार होता बोटीवर? "रेघ मारून आलीयस न्हवं?" तो म्हणाला. "मग कोण हात लावतंय? आखितीच्या आदल्या दिवशी घरी असू आपन."

त्याचंही खरंच होतं. रेघ होती. चंद्राबाई पुन्हा खुर्चीत बसली. साधनाताई जिन्याच्या वळणावर थांबून एकदा मागं बघून गेल्या.

दुपारी दुसऱ्या फेरीची माणसं चढली. निरोप देताना डोळे पुसणारी तीच पोरगी आता तोंडभर हसून त्यांचं स्वागत करत होती. पुन्हा जाकिटं, पुन्हा तेच दार. पुन्हा पहिल्या दिवशी तीच भाजी. रात्री सूत्रसंचालकानं दुसऱ्याच एका म्हाताऱ्याला स्टेजवर घेतलं आणि विचारलं, मामा, मामीला पळवून आणलंय का? सभागृह तितकंच हसलं. गेणबा हसला नाही. पलंगावर टॉवेलचा हत्ती होता, तसाच. एकाच लग्नाला दोनदा जेवायला बसवावं तसं चंद्राबाईला झालं. या फेरीत तिच्या टेबलावर तिच्याशी कुणी बोललं नाही. समुद्राकडं तोंड करून ती दिवस ढकलत राहिली आणि मनात त्या गोल रेघेला धरून राहिली.

आखितीच्या आदल्या संध्याकाळी ती कोळवणला उतरली ती घरात न जाता तशीच वर गेली. जांभळ उभी होती. तिच्या बुडाशी खड्डा होता. गोल, चांगला पुरुषभर खोल, काठ तासून घेतलेला, अगदी रेघेवर.

एकनाथ तिथंच पाइप मोजत होता. साहिल पांढराफटक होऊन मागून धावत आला. फरशीच्या गडबडीत तो इकडं फिरकलाच नव्हता.

"मावशी, पाण्याच्या टाकीची जागा वरच्या अंगालाच धरायची होती," एकनाथ म्हणाला. "दादांनी फोन केला, चुना मारलाय, बघून घ्या. आम्ही समजलो आखणी झाली. चुना मारतात तो खणायलाच." बोलता बोलता त्याला त्या रेघेचा खरा अर्थ लागला आणि तो खाली बसला.

चंद्राबाई कुणावर ओरडली नाही. शिव्या द्यायच्या तर कुणाला? रेघ तिचीच होती. इतकंच विचारलं, "माती कुटं टाकली?"

माती भुकूमला गेली होती. तिथं नव्या इमारतींचं काम चालू होतं, बागेसाठी भराव लागत होता, डंपरवाला घेऊन गेला होता.

आखितीच्या सकाळी तिनं पितरांची मडकी भरली. मग लहान मडकं भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि जीपमध्ये जाऊन बसली. गेणबा न विचारता शेजारी येऊन बसला. साऱ्या वाटेत मडकं त्यानंच मांडीवर धरलं होतं.

"मीच बसवली तुला बोटीवर," पौडच्या पुढं तो म्हणाला.

"मी बसले," ती म्हणाली.

भुकूमच्या त्या गेटवर बिहारकडचा वॉचमन होता. किसके यहाँ जाना है, त्यानं विचारलं. लेकीकडं, चंद्राबाई म्हणाली. म्हातारीच्या हातातलं मडकं बघून त्यानं आणखी काही विचारलं नाही. आत इमारतीमागं भरावाचे ढीग होते. काळी माती, तांबडी माती, मुरूम, कुठून कुठून आणलेली. गेणबानं एकेक मूठ उचलून बघितली. आपली कुठली ते त्यालाही कळेना, जन्म त्या मातीत गेलेला माणूस.

मग चंद्राबाई पहिल्या ढिगापासून सुरू झाली. थोडं इथं, थोडं तिथं, हात आखडून. ऊन असं होतं की पाणी पडायच्या आत माती पिऊन टाकत होती. शेवटचे दोन ढीग राहिले आणि मडकं संपलं. तिनं ते पालथं करून हलवून बघितलं.

ती गेटवर परत आली आणि वॉचमनपुढं मडकं धरलं.

"पीने के लिए?" त्यानं विचारलं.

"व्हय," चंद्राबाई म्हणाली. "प्यायलाच."

त्यानं आपल्या पिंपातून मडकं काठोकाठ भरून दिलं, आणि ती पुन्हा ढिगांकडं निघाली.