आमच्या मास्तरांचा पोलंड

आमच्या बँडमास्तरांइतका पोलंड अख्ख्या खानदेशात कुणाला ठाऊक नव्हता, आणि त्यांना ठाऊक असलेला पोलंड खुद्द पोलंडातही कुणाला ठाऊक नसावा. जळगावला मशीन बसवायला आलेल्या एका पोलिश फिटरने जाताना त्यांना आपल्या देशातल्या एका गिटारवाल्याची रेकॉर्ड दिली होती. नाव वाचायची सोय नव्हती, सगळी जोडाक्षरंच. पण वेष्टनावर दोन फोटो होते. एकात चार वादक आणि गिटारवाला बिनदाढीचा; दुसऱ्यात सात वादक आणि तोच गिटारवाला दाढीचा. तेवढ्यावरून मास्तरांनी त्या माणसाची सारी कारकीर्द मांडली होती. आधी बाप गिटार हातात धरू देईना, मग त्या मुलखात विजेची गिटार वाजवणारा तोच पहिला, मग बँड, मग बरकत. बँड म्हटल्यावर तो वराती वाजवतो, यात त्यांना शंकाच नव्हती. "सात माणसं रिकामी कोण पोसेल?" ते विचारत. मी मान डोलावत असे. सातवीतच शाळा सुटलेली, बायको-पोरं सावंतवाडीकडे, आणि मी इतक्या लांब त्यांच्या बँडमध्ये खुळखुळा वाजवणारा. त्यांनी मला आधी जेवू घातलं आणि मग काय येतं ते विचारलं. कित्येकदा ते स्वतःचं सांगतायत की पोलंडवाल्याचं, हेच कळत नसे. बापाने गिटार आपटली ती मास्तरांच्या चोपड्याला की पोलंडात? बहुधा दोन्हीकडे.

आमच्या भागात वरातीत विजेची गिटार पहिल्यांदा त्यांनीच आणली. हातगाडीवर ट्रकची बॅटरी आणि कर्णा, तिथून आठ हात वायर मास्तरांपर्यंत. डोळे मिटून ते वाजवत आणि गाडी नेईल तिकडे जात. रेकॉर्डवरून उचललेला एक सूर ते तार ओढून काढत; ना कोमल, ना शुद्ध. तो लागला की नाचणारे थबकत, हे खुशीचं गाणं आहे की दुःखाचं या विचारात पडत. आम्हीही पडत असू.

दोंडाईच्याला एका मारवाडी शेठच्या मुलीचं लग्न होतं. गोरज मुहूर्त टळला तर तुमचा बँड पुन्हा या गावात नाही, असं शेठने आधीच बजावलं होतं. वऱ्हाड धुळ्याचं, गाडीवाला जळगावचा. गल्ल्या कुणालाच ठाऊक नाहीत. मांडवाकडे वळायच्या जागी केळीच्या खांबांची कमान दिसली की मास्तरांची बाही ओढायची, म्हणजे ते गाडी वळवायला सांगतील, एवढं एकच काम मला नेमून दिलं होतं. आम्ही थेट स्टेशनात पोचलो. मागे घोडा, घोड्यावर नवरदेव, त्यामागे सगळं वऱ्हाड. परत येईपर्यंत दिवे लागले होते आणि मुहूर्त गेला होता.

वळण कुणी चुकवलं, शेठने विचारलं. मी खुळखुळा पाठीमागे लपवला. मास्तर पुढे झाले आणि आपल्या अहिराणीत सगळी चूक स्वतःवर घेतली.

"चूक मनी शे, शेठ. बठ्ठी मनी. त्याले काही बोलू नका, तो परमुलखना शे."

"मग गिटारीलाच डोळे बसवून घ्या, मास्तर," शेठ म्हणाले आणि मांडवात निघून गेले.

दोंडाईच्याने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. पुढे आसपासच्या गावांनीही. मला मात्र त्यांनी काढलं नाही. गडी नवखा, त्याला कमान उमगली नाही, असंच ते शेवटपर्यंत समजत होते.

कमान मला दिसली होती. पण त्या क्षणी मास्तर असं काही वाजवत होते की हात बाहीपर्यंत गेला आणि तसाच मागे आला. त्यांना हे आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता राहूनच गेलं.