पूनमसिंगची कोरडी गादी

खरं सांगतो, पूनमसिंगचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखते. माणूस काय, त फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. जुन्या मेटाडोरमध्येच दुकान, त्यातच बिछाना, त्यातच संसार. दिवाळी झाली की तो अन् त्याची बायको बिजलीबाई दारव्ह्यात आमच्या घराबाजूच्या मोकळ्या प्लॉटवर येऊन राहतात.

माझी गाडीही तिथंच उभी असते. मी अवधूत, पाटबंधारे ऑफिसातून यंदाच रिटायर झालो अन् हौसेनं टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आत पलंग, गॅस, पडदे, सारं करून घेतलं. भैरवीले, म्हणजे आमच्या मंडळीले, म्हटलं, चल, दुनिया दाखवतो. पण थंडी पडली अन् गाडीले घाम सुटला! सकाळी उठावं त काचा ओल्या, पत्र्यावरून पाण्याचे ओघळ, गादी उलटवली त खालून काळी बुरशी. भैरवीले खोकला लागला. तिनं सांगूनच टाकलं, "हा वास जाईपर्यंत मी गाडीत पाय ठेवत नाही. फिरा एकटे."

आता एकटा फिरून मी काय करू? एकेक फट रबरानं बुजवली. ओल शोषणाऱ्या पुड्या मागवल्या, त चार दिवसांत त्यायचंच पाणी झालं. अन् पलीकडं त्या लेकाचा खटारा ठणठणीत कोरडा! भैरवी रोज सकाळी बिजलीबाईच्या चुलीपाशी बसून चहा पिते, खदखदून हसते. माझ्या गाडीत कधी हसली? असा जळफळाट होये माझा, बाप्पा! बरं, विचारावं त पंपवाल्याले मी विचारू?

एका सकाळी बायका भाजीले गेल्या, पूनमसिंग पाणी आणायले गेला. मी गुपचूप त्याच्या गाडीत शिरलो. गादी उचलून पाहतो त खाली नुसत्या फळ्या, मधात बोटबोट जागा सोडलेली. दोन्हीकडच्या खिडक्या चार बोटं उघड्या. एवढ्या थंडीत! येडा आहे काय हा?

"काय पाहून राह्यले साहेब?" मागं पूनमसिंग उभा, हातात बादली.

चोरी पकडली गेली. थाप सुचली नाही. "तुझी गादी कोरडी काहून राहते रे?"

तो हसला. "महिन्याआधी आमचीबी सडून राह्यलती. श्वासाची वाफ, सयपाकाची वाफ, बंद गाडीतून जाईन कुठं? थंड्या पत्र्याले लागून पाणीच होते. मंग चूल भाईर मांडली, खिडक्या उघड्या ठेवल्या, गादीखाली हवा खेळू देली. बस."

"हे तुले कोणं शिकवलं?"

"भैरवीताईनं. तिच्या माहेरी मुकुटबनले कापसाची खोली कधी गच्च बंद करत नोहते म्हने. हवा लागते."

"भैरवीनं? मंग मले काहून नाही सांगतलं?"

पूनमसिंगनं बादली खाली ठेवली. "सांगतलं म्हने साहेब, तीनदा. तुमी खिडकी लावून घेत होते."

इतके दिवस मी त्याच्यावर जळत होतो. अक्कल माझ्याच घरची होती, अन् ऐकली त्यानं.