तिचा वाटा धरून

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची भाकर आमच्या घरून जाते. भाकर म्हणायची, पण असते ती गव्हाची, बिनमिठाची, जरा जाडसर पोळी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी माझी बायको अशा सात पोळ्या करते, पांढऱ्या फडक्यात गुंडाळते, आणि मी त्या आमच्या पत्र्याच्या प्रार्थनागृहात नेऊन मेजावर ठेवतो. माझ्या आईनंतर हे काम तिच्याकडे आलं. सातच का, यालाही हिशेब आहे. भोजन घेणारी आमची माणसं साठीच्या आसपास, आणि एका पोळीचे नऊ तुकडे नीट होतात. तुकडा फार लहान झाला तर घास वाटत नाही, मोठा झाला तर सगळ्यांना पुरत नाही. आणि उरून तर चालतच नाही. आमच्याकडची जुनी रीत अशी की भोजनाची भाकर बाहेर जायची नाही, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. जो ताट फिरवतो त्यानं उरलेली तिथंच, सगळ्यांसमोर खाऊन संपवायची.

ताट फिरवायचे आमचे गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीतले सगळ्यात जुने पंच. पाळकसाहेब परभणीहून बसनं येतात. चार गावांच्या मंडळ्या त्यांच्या एकट्याकडे. ते प्रार्थना करतात, भाकर मोडतात आणि ताट गुरुजींच्या हातात देतात. मला बाराखडी शिकवली ती याच गुरुजींनी. आमच्या पालममध्ये त्यांच्या हाताखालून न गेलेला माणूस माझ्या वयाच्या लोकांत शोधावा लागेल.

माझ्या बायकोचं माहेर झरीचं, हिंदू शेतकरी घर. लग्नाआधी तिनं स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा माहेर तुटलं. तिची आई शेवटपर्यंत तिच्याशी बोलली नाही. झरीतच दिलेली मोठी बहीण तेवढी तुटली नाही. दर दिवाळीला निरोप, कधी डाळ, कधी गूळ, कुणाच्या तरी हाती येतच राहिला. एका उन्हाळ्यात त्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो. बहिणीनं मांडवात हिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. कपाळाला कुंकू लावलं. आमच्या मंडळीत ओटी-कुंकू चालत नाही, तरी हिनं पदर पुढे केला आणि ओटी घेतली.

आम्ही पालमला परतायच्या आधी ही बातमी पोचली होती. कशी, ते मी शोधायला गेलो नाही.

त्याच्या पुढच्या भोजनाच्या रविवारी बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, सतरंजीवर नेहमीसारखे बसलो होतो. आमच्यात उजव्या हाताचा तळवा पसरून तुकडा घेतात. गुरुजी बायकांच्या रांगेतून येत येत तिच्यापुढं आले, क्षणभर थांबले, आणि ताट तिच्या हातावरून पुढं नेलं. शेजारी बसलेल्या, मंडळीतल्या म्हाताऱ्या आत्यांपुढं धरलं. तिचा हात तसाच पसरलेला राहिला. मी उठायला लागलो तर तिनं लांबूनच मान हलवली, बसा म्हणून.

बाहेर चपला घालताना मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "ज्या हातानं तिकडचं घेतलं त्या हातावर मी हे कसं ठेवू?"

मी मोजणी खात्यात नोकरी करतो. दोन शेतांच्या मधली हद्द कायम करणं हे माझं रोजचं काम. त्यात एक शिस्त असते. आधी लगतच्या सगळ्यांना नोटीस, मग मोजणी, मग खुणा. नोटीस न देता खुणा रोवल्या तर मोजणी बरोबर असूनही ती टिकत नाही. शास्त्रानंही आम्हाला अशीच रीत घालून दिली आहे. भाऊ चुकला वाटलं तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जा. ऐकलं नाही तर दोघांना घेऊन जा. मग मंडळीपुढं. गुरुजींनी पहिल्या दोन पायऱ्या सोडून एकदम तिसरीवर पाय ठेवला होता. पंचांच्या बैठकीत मी एवढंच मांडलं. कुणी म्हणालं त्यांचं वय बघा, कुणी म्हणालं तुमची बायको म्हणून तुम्ही बोलता. दोन्ही खरं होतं, पण त्यानं पायऱ्या बदलत नव्हत्या.

घरी आल्यावर मी म्हणालो, आपण परभणीच्या मोठ्या मंडळीत जाऊ. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी कशाला जाऊ? माझी जागा हाय ती."

पुढच्या महिन्यात तिनं पोळ्या केल्या. पाळकसाहेबांनी मधल्या काळात गुरुजींना काहीतरी सांगितलं असावं, कारण त्या रविवारी गुरुजींनी ताट तिच्यापुढं धरलं. न बोलता, तिच्याकडे न बघता. तिनं दोन्ही हात मांडीवर मिटून ठेवले. ताट तिथं जरा जास्तच वेळ थांबलं आणि पुढं गेलं.

मला वाटलं होतं, चला, संपलं. वाटेत मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "न बोलता नेलं, न बोलता आणलं. मधी जे झालं ते कुठं गेलं?"

आता तिचं न घेणं हे मंडळीनं वाळीत टाकल्यामुळं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. पण भाकर तीच करत होती. पीठ तीच चाळत होती. तिसऱ्या महिन्यात आत्यांनी हात आखडला. आत्या म्हणजे मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई, नात्यानं कुणाचीच आत्या नाही आणि तरी सगळ्यांची आत्या. उपासनेत हळू बोलणं त्यांना कधी जमलं नाही. गुरुजींना म्हणाल्या, "जिनं केली तिनं न्हाई खाल्ली, तर माझ्या घशाखाली कशी उतरंल?"

मग आत्यांच्या दोन्ही सुना थांबल्या. पुढच्या वेळी आणखी काहीजणी, मग त्यांचे नवरे. ताट परत येऊ लागलं ते भरलेलं. आणि रीतीप्रमाणं गुरुजी मेजापाशी उभे राहून उरलेली भाकर खाऊ लागले. कोरडी, बिनमिठाची. त्यांना साखरेचा आजार, दातांची कवळी. सगळे खाली बघत बसलेले आणि पत्र्याखाली एकाच माणसाच्या चावण्याचा आवाज. एकदा आत्यांनी कालवणाचं विचारलंही, "गुरुजी, कोरड्यास आणू का जरा?" मागच्या बाजूला काहीजण हसले. गुरुजी पाणी प्यायले आणि त्यांनी पुढचा तुकडा उचलला. त्यांनी रीत मोडली नाही, हे मी लिहिलं पाहिजे. ताट दुसऱ्या कुणाला देता आलं असतं. दिलं नाही.

मी बायकोला म्हणालो, चार पोळ्या कर. सरळ हिशेब आहे, म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. तिनं परात पुढं ओढली. "सातच करणार. सगळ्यांचा वाटा धरून, माझाबी वाटा धरून सात."

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. गुरुजींची बाजू घेणारी दोन घरं उपासनेला यायची बंद झाली. भजनाला पेटी वाजवणारा त्यातल्याच एका घरातला, त्यामुळं भजनं नुसत्या टाळ्यांवर चालली. उन्हाळा पुन्हा लागला तेव्हा पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगितलं की, जिथं निम्मी माणसं हात आखडून बसतात तिथं मी भोजन कसं देऊ, समेट होणार नसेल तर इथलं भोजन बंद ठेवतो. आमच्यासारख्या मंडळीत भोजन बंद झालं की पुढं काय होतं ते मी दुसऱ्या एका गावी पाहिलं आहे. आधी भोजन जातं, मग उपासना, मग पत्रे.

त्याच आठवड्यात दुपारी गुरुजी आमच्या घरी आले. एकटे. मी त्यांना खुर्ची दिली आणि मनात म्हणालो, पहिली पायरी आली, वर्षानं का होईना.

गुरुजींनी चहा घेतला. मग म्हणाले, "बाई, तू माफ कर आणि हे संपव. माझ्यापायी मंडळी मोडायला नको."

ती म्हणाली, "माफ मी तवाच केलं. माफ केलं नसतं तर त्या हातानं भाकर केली नसती."

"मग घेत का नाहीस?"

"तुमी मला काय म्हणून देणार? चुकलेली म्हणून का बरोबर म्हणून? तुमालाच ठाऊक न्हाई."

गुरुजी खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले की ओटीचं मला अजूनही पटत नाही. ती म्हणाली, नका पटवून घेऊ. मग तिनं जे काढलं ते मलाही अपेक्षित नव्हतं. भाचीला मुलगा झाला होता, येत्या सुट्टीला झरीला बारसं होतं. "तुमीच चला. डोळ्यानं बघा, मग सांगा मला." मला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि बस किती वाजता आहे ते विचारलं.

परभणीला बस बदलून आम्ही तिघं झरीला गेलो. बारशाचं घर ते. अंगणात बायांची गर्दी, पाळण्याला झेंडूची माळ. मेहुणीनं पाहुण्यांच्या ओट्या भरायला घेतल्या. हिची पाळी आली तेव्हा ओंजळीतले तांदूळ पदरात टाकताना ती म्हणाली, "आईच्या हातची राहिली तुझी. माझ्या हातची घे." मागच्या लग्नातही हेच म्हणाले होते, असंही ती बोलली. तेव्हा मी मांडवाच्या पुरुषांच्या बाजूला होतो, आणि बायकोनं मला ते कधी सांगितलं नव्हतं. आज मी आणि गुरुजी दाराशीच उभे होतो.

मग पुरुषांचा आहेर निघाला. साडू गंधाची वाटी आणि टॉवेल-टोपी घेऊन गुरुजींपुढं आले. आमच्या भागात पाहुण्याला असाच मान देतात, कपाळाला गंध आणि डोक्यावर टोपी. साडू स्वतः सत्तरीचे, हात कापणारे. म्हणाले, "मास्तर माणूस पहिल्यांदा घरी आलाय." आणि बोट पुढं केलं. गुरुजींना तो हात धरून थांबवता आला असता. मी त्यांच्याकडे बघत होतो, ते साडूंच्या कापणाऱ्या हाताकडे बघत होते. त्यांनी मान खाली केली. गंध लागलं, वर टोपी बसली.

परतीच्या बसमध्ये त्यांनी टोपी काढली नाही. परभणीच्या स्टँडवर चहा घेताना त्यांनी बायकोला विचारलं, "तुझ्या आईचं मला तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "तुमी कुठं इचारलं?"

चहाचे पैसे त्यांनी दिले.

पाळकसाहेबांनी एक शेवटचा रविवार दिला होता. त्या दिवशी ताट हातात घेतल्यावर गुरुजी रांगेत गेले नाहीत, मेजापाशीच उभे राहिले. म्हणाले की गेल्या वर्षी मी आपल्या एका बहिणीला न विचारता शिक्षा केली. तिच्या घरी जाणं माझं काम होतं, ते मी केलं नाही आणि तुमच्या सगळ्यांसमोर तिचा हात रिकामा ठेवला. चूक तिची का माझी हे बघायच्या आधी मी चुकलो होतो. मग मलाच तिकडं मान वाकवावी लागली, आणि ज्यानं वाकवायला लावली तो माझ्यापेक्षा भला माणूस होता. एवढं बोलून ते थेट तिच्यापुढं जाऊन खाली बसले. गुडघ्यांचा त्रास असलेला माणूस, बसायला वेळ लागला. "घे बाई," म्हणाले.

तिनं हात पसरला. तुकडा घेतला, खाल्ला. मग गुरुजींनी ताट तिच्या मांडीशी ठेवलं आणि स्वतःचा तळवा तिच्यापुढं धरला. आमच्याकडे बाईनं कधी भाकर दिलेली नव्हती. ती ताटाकडे बघत राहिली.

आत्या म्हणाल्या, "दे गं लौकर. न्हाई तर उरलेली सगळी पुन्हा त्यालाच खावी लागंल."

तिनं दिला. आत्यांनी लगेच आपलाही हात पुढं केला, आणि तिथून ताट पुढं तिच्याच हातानं गेलं, बायकांची सगळी रांग. गुरुजी तिथंच सतरंजीवर बसून राहिले. ताट मेजावर परत आलं तेव्हा त्यात काही नव्हतं.

त्यानंतर पंचांच्या बैठकीत मी एक ठराव मांडला, की कुणाविरुद्ध काही असेल तर आधी त्याच्या घरी जायचं, त्याशिवाय मंडळीत तोंड उघडायचं नाही. अनुमोदन गुरुजींनी दिलं. ओटीचं त्यांना आजही पटत नाही. तसं ते तिला सांगतात, तीही ऐकून घेते आणि दिवाळीला झरीला जाऊन येते. बायकांच्या बाजूचं ताट आता तीच फिरवते. दुरावलेली दोन घरं परत आली, पेटी परत आली. यंदा काही तरुण पोरापोरींचे बाप्तिस्मे झाले.

गेल्या महिन्यात तिनं आठ पोळ्या केल्या. मी हिशेब करून सांगितलं की साडेसात पुरतील, अर्धी उरेल.

ती तवा उतरवत म्हणाली, "उरली तर गुरुजी हायेत की."