समजूतदार यकृत

लुंगशंगचं यकृत फार समजूतदार होतं. गोदामात मालक त्याला चारचौघांत गाढव म्हणायचा, तेव्हा ते थंडगार असायचं. लुंगशंग हसायचा, मालकाची सिगारेट पेटवून द्यायचा. संध्याकाळी घराचा उंबरठा ओलांडला की मात्र यकृत तापायचं आणि बायकोच्या, पेइचनच्या, कानाखाली आवाज निघायचा.

"यकृतातली आग आहे, राग तिथूनच भडकतो," असं बाओ वैद्यांनी नाडी पाहून सांगितल्यापासून तर तो बिनघोर झाला होता. मारून झालं की खाटेवर पडून म्हणायचा, "मी काय मुद्दाम करतो? आजार आहे मला. काढा झाला का?"

काढा पेइचनच उकळायची. त्यांचं गाव म्हणजे औषधांची पेठच. तिथल्या एका दुकानात ती बावीस वर्षं वैद्यांच्या चिठ्ठ्या वाचून पुड्या बांधत आलेली. नवऱ्याच्या पुड्या तीच बांधायची, मातीच्या भांड्यात तीच उकळायची आणि उरलेला चोथा दारासमोरच्या रस्त्यावर ओतायची. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांबरोबर रोग निघून जातो, अशी तिथली रीत. अकरा वर्षं अख्खी गल्ली लुंगशंगचा चोथा तुडवत होती. रोग जागचा हलला नाही.

"सुने, तू तोंड आवर जरा," शेजारची मा आजी म्हणायची. "आगवाल्या माणसाला उलट बोलू नये."

"आजी, मी नूडल्स वाढत होते."

"मग वाढताना हसावं."

वसंतात पेइचननं घटस्फोटाचा अर्ज केला. कोर्टात लुंगशंग ढसाढसा रडला. दुकानातल्या शिडीवरून पडली असेल, म्हणाला. शेजाऱ्यांनी काही ऐकलं नव्हतं. मा आजीला तर त्या दिवसापुरतं ऐकूच येईनासं झालं. पुरावा नाही, अर्ज नामंजूर, सहा महिने नवा अर्ज करता येणार नाही. परतताना लुंगशंगनं लोकांदेखत तिला भाजलेलं रताळं घेऊन दिलं. घरी यकृत वाट पाहतच होतं.

त्या रात्रीनंतर पेइचनला त्याची भीती वाटेनाशी झाली. भांड्याच्या तळाशी चिकटलेल्या चोथ्याची वाटावी, तशी नुसती किळस उरली. दर दहा दिवसांनी ती त्याला स्वतः बाओ वैद्यांकडे नेऊ लागली. आजाराची वहीही तीच आठवणीनं घ्यायची.

"वैद्यांना सगळं नीट सांगा," ती म्हणायची. "आकडा चुकला तर मात्रा चुकते."

लुंगशंगला आपल्या आजाराचा मोठा अभिमान. तो छाती काढून सांगायचा, "दहा दिवसांत चार वेळा. त्यात एकदा लाटण्यानं."

"कशावरून?" वैद्य लेखणी थांबवत विचारायचे.

"मिरची कमी होती."

वैद्य मान डोलावून वहीत लिहायचे, खाली तारीख टाकून शिक्का मारायचे. मग पेइचनकडे वळून म्हणायचे, "बाई, तुम्ही यांना राग येऊ देऊ नका."

"हो, वैद्यकाका," ती म्हणायची आणि वही पिशवीत टाकायची.

स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे ती वही सहा महिने पडून होती. लुंगशंगनं एकदाही उघडली नाही. उघडली असती तरी बाओ वैद्यांचं अक्षर पुड्या बांधणाऱ्यांखेरीज कुणाला लागत नसे.

शरदात पुन्हा कोर्ट. लुंगशंग पुन्हा रडला. "मारलं? मी हिला बोटसुद्धा लावलं नाही कधी!"

पेइचननं वही पुढे ठेवली. तरुण न्यायाधीशबाईंनी ती सरळ धरून पाहिली, उलटी धरून पाहिली. "यात काय लिहिलंय?"

पेइचनला प्रत्येक ओळ पाठ होती. "मी वाचलं तर माझं म्हणणं होईल," ती म्हणाली. "लिहिणाऱ्यालाच बोलवा."

पुढच्या तारखेला बाओ वैद्य नवा सदरा घालून आले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुमचा रोगी म्हणतो, त्यानं बायकोला कधी मारलंच नाही."

वैद्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मारलं नाही? मग मी आग ओळखली ती खोटी? चाळीस वर्षांत माझं निदान चुकलेलं नाही!" त्यांनी चष्मा चढवला आणि खड्या आवाजात पहिल्या पानापासून सुरुवात केली. "चौथ्या महिन्याची सात तारीख. जीभ लाल, तोंड कडू. दहा दिवसांत बायकोला चार वेळा मारलं, एकदा लाटण्यानं. कारण मिरची."

"वैद्यकाका, पुरे," लुंगशंग पुटपुटला.

"पुरे काय? अजून नऊ पानं आहेत!"

नऊच्या नऊ पानं वाचून झाली. घटस्फोट मिळाला.

पेइचन आपलं बोचकं न्यायला आली, तेव्हा दारासमोर ताजा चोथा सांडलेला होता. बराचसा करपलेला. लुंगशंगनं आयुष्यात पहिल्यांदा भांडं चुलीवर चढवलं होतं. तो दारातून आर्जवानं म्हणाला, "पेइचन, जाता जाता यावरून चाल ना. तुझ्या पायांबरोबर तरी जाईल."

तिनं चोथ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दोन्ही सारखेच दिसत होते. तिनं विजार घोट्यावर उचलली आणि मा आजीच्या पायरीवरून वळसा घालून निघून गेली. त्याचं काहीही तिला बरोबर न्यायचं नव्हतं, चपलेच्या तळाला लागूनसुद्धा.