लेनिनग्राडला निघताना

मॉस्कोतल्या आमच्या वसतिगृहाची म्हातारी रखवालदारीण नसती, तर त्या दुपारी मी लेनिनग्राडला गेलोच नसतो. सातवीत शाळा सोडलेला मी, आर्वीहून एका प्रदर्शनाचा स्वयंपाकी म्हणून तिकडे गेलो होतो. रेल्वेला रात्र लागायची, विमानाला तासभर; संध्याकाळी तिथं जेवण वाढायचं म्हणून विमानच ठरलं. न जाईल त्याला घरी धाडणार होते. बाहेर दाट धुकं होतं. मी ट्रंक उचलली तोच प्रदर्शनाच्या कामावरचा पुलगावचा सुतार हसला, “कुठी चालला बे?” निघताना असं कोणी टोकलं तर मागं फिरून घडीभर बसावं, नाहीतर माणूस परतत नाही, असं माय म्हणायची. मी ट्रंक परत खाली ठेवली. “बसू दे न गा घडीभर.” “विमान काय तुह्या बापाचं हाये, थांबाले?” तेवढ्यात म्हातारीनं दार लोटलं आणि सगळ्यांना खुणेनं गप्प करून खुर्च्यांवर बसवलं. रशियन लोकांतही निघण्याआधी असंच घडीभर बसतात, हे मला मागाहून कळलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची पिशवी तिनं उचलून खाली ठेवली. बसायला कोणीच नव्हतं, तरी खुर्ची हळूच करकरली आणि चुलीच्या धुराचा, मायच्या लुगड्याचा वास आला. माय जाऊन वर्ष झालं होतं. म्हातारीनं त्या खुर्चीकडे पाहून मान लववली. सुतारानं माझी ट्रंक उचलली, आणि मी न भिता विमानात चढलो. ती म्हातारी आता नसेलच. पण एकदा तिकडे जाऊन तिच्या नावानं रांधीन आणि तिच्या लेकरांना पोटभर वाढीन.