दहापैकी आठ

कुठेही बसण्याआधी दादा खुर्ची हलवून बघायचे. हॉकर सेंटरमधलं, म्हणजे सिंगापूरच्या खाऊगल्लीतलं, जमिनीत पक्कं बसवलेलं स्टूल असलं तरी दोन्ही हातांनी धरून त्याला एक हिसका देणार आणि मगच टेकणार. हललंच तर हळूच म्हणणार, "फेल." शेजारी कुणी झोपलेलं असावं अशा आवाजात. मग हातात गरम सूपचे वाडगे घेऊन आम्ही सगळे त्यांच्या मागून दुसऱ्या टेबलाकडे.

अशा माणसाबरोबर जेवायला जायचं म्हणजे भूक जरा कमीच असलेली बरी.

सिंगापूरच्या आंग मो किओ भागात एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात ते टेस्टिंगला होते. तयार झालेली यंत्रं गोठवायची, तापवायची, हादरवायची, उंचावरून पाडायची आणि कधी मोडतात ते बघायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. मूळचे नागपूरचे. माझी त्यांची ओळख रविवारच्या बुद्धवंदनेत झाली. मी पोस्टडॉक म्हणून नुकतीच सिंगापूरला आले होते, आणि त्या महिन्याची वंदना चोआ चू कांगला त्यांच्या फ्लॅटवर होती. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. निघताना वहिनींनी माझ्या हातात डबा दिला. दादांनी तो काढून घेतला, उलटा करून हलवला आणि परत दिला. झाकण घट्ट होतं.

कंपनीने त्यांना एकदा दोन हिवाळे कोरियाला पाठवलं होतं. तिथल्या एका सहकाऱ्याने त्यांना स्कीइंग शिकवलं. तेव्हापासून दर वर्षी चिनी नववर्षाची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून, बारा महिने घाम पुसणाऱ्या आम्हा दहा-बारा मराठी मंडळींना घेऊन ते कोरियाच्या बर्फात जायचे.

त्याआधी तालीम व्हायची, ती त्यांच्या इमारतीखालच्या गवतावर. बत्तीस अंशात, अंगात जाडजूड जाकिटं घालून आम्ही ओळीने उभे राहायचो आणि ते म्हणतील तेव्हा कुशीवर पडायचो. टाचा बाहेर, चवडे आत, गुडघे वाकवून थांबायचो. पुन्हा पडायचो. वरच्या मजल्यांवरून चिनी आज्या कठड्यावर रेलून बघत असत. एकदा एका अंकलने काळजीने आमच्यासाठी बर्फ घातलेलं पाणी आणलं. दादांची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती खाली येऊन दातओठ खात म्हणायची, "बाबा, एव्हरीवन इज लुकिंग लाह." बाबा तिलाही एकदा पडून दाखवायला सांगत.

आमच्या गटाचा एक नियम होता. तो कुणी ठरवला नव्हता, आपोआप पडला होता. दादा हो म्हणेपर्यंत कुणीही चेअरलिफ्टमध्ये बसून मोठ्या उतारावर जायचं नाही. खालच्या लहान उतारावर ते एक लाल काठी रोवत. वरून येऊन त्या काठीपाशी थांबायचं, दहा वेळा. दहाही वेळा थांबलात तर वर जा. मी दोन वर्षं खालीच होते. माझी त्याबद्दल तक्रार नाही, मी वरच्या उताराकडे पाठ करूनच उभी राहायचे.

त्या वर्षी मात्र आम्ही कोरियाला निघालो तेव्हा कुणाचंही लक्ष बर्फाकडे नव्हतं. दादांचा विभाग बंद होऊन मलेशियाला जाणार होता. मार्चअखेर नोकरी संपणार, आणि नोकरीबरोबर सिंगापुरात राहण्याचा त्यांचा पास. दुसरी नोकरी मिळाली नाही तर महिन्याभरात घर आवरून देश सोडायचा. मुलगी सेकंडरी फोरला, म्हणजे आपल्या दहावीला होती आणि ज्या परीक्षेवर तिचं पुढचं सगळं ठरायचं, ती ऑक्टोबरात होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी नोकरी शोधणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

पण त्या सहलीला निखिल येणार होता. निखिल दादांच्याच हाताखाली काम शिकला आणि पुढे दुसऱ्या कंपनीत जाऊन विभागप्रमुख झाला. त्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये एक जागा रिकामी आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. निघताना वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की दादांना स्वतःसाठी काही मागता येत नाही, तर तूच विषय काढ. मी हो म्हटलं. विमानात मी त्या दोघांना शेजारी बसवलं. दादा सहा तास कोरियन लोकांच्या बूट वाळवायच्या पद्धतीबद्दल बोलले.

शनिवारी दुपारी निखिल लाल काठीपाशी आला. अंगाने चपळ, उत्साही, घरी पाठवायला व्हिडिओ काढून घेणारा. पहिल्या पाच खेपांना तो छान थांबला. सहाव्या खेपेला काठीच्या पुढे गेला. पुढे दोनदा थांबला, नवव्यांदा पुन्हा घसरला, दहाव्यांदा अगदी काठीला हात लावून उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी काठी उपटली आणि त्याच त्यांच्या हलक्या आवाजात म्हणाले, "दहापैकी आठ. फेल."

निखिल हसला. आम्ही कुणी हसलो नाही. मी दादांच्या जवळ जाऊन खालच्या आवाजात म्हटलं, "दादा, जाऊ द्या ना. आज तरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय म्हणायचंय ते त्यांना नक्की कळलं होतं. कळलं नसतं तर मला पुढे इतका त्रास झाला नसता. ते निखिलकडे वळून म्हणाले की उद्या सकाळी पुन्हा दहा वेळा घेऊ. निखिल म्हणाला, "सर, इथेही क्वालिटी कंट्रोल का?" आणि काठ्या टेकत कॉफी प्यायला निघून गेला.

रविवारी सकाळी तो कुणालाही न विचारता चेअरलिफ्टने वर गेला. आम्ही खाली माना वर करून उभे. खरं सांगते, त्या दोन मिनिटांत मला त्याने पडावं असंही वाटलं आणि पडू नये असंही वाटलं. तो वळणं घेत, हात पसरून, थेट आमच्यापर्यंत आला आणि थांबला. मंडळींनी त्याला उचलायचंच बाकी ठेवलं. दादांनीही हातमोजे काढून टाळ्या वाजवल्या, कारण हातमोज्यांतून टाळीचा आवाज होत नाही.

विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. मला त्यांचा राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. तो नीट उतरला, तुम्ही चुकलात, असं मी सरळ म्हटलं.

"एकदा उतरला म्हणून पास होत नसते," ते म्हणाले.

मग वहिनींचं काय, मुलीच्या परीक्षेचं काय, दोन शब्द गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं, असं मी बरंच काही बोलले. त्यांनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर विचारलं, "त्याच्याकडची जागा टेस्टिंगचीच आहे ना?" आणि खिडकीबाहेर बघत बसले.

निखिलने पंधरा दिवसांनी कळवलं की त्या जागेवर वरूनच कुणाला तरी घेतलं. ते खरंही असेल. निखिल वाईट माणूस नाही, आजही भेटला की दादांची चौकशी करतो. पण त्या शनिवारी दादा 'जा' म्हणाले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. त्यांच्यावरचा माझा रागही थोडा शिल्लक आहे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दादा आणि वहिनी सिंगापुरातल्याच क्वीन्सटाउनला माझ्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरी आले. दादा सोफ्याच्या अगदी कडेला बसले. हलवून न बघता बसले, तेव्हाच मला काहीतरी वेगळं आहे हे समजायला हवं होतं. चहा झाला. मुलीला शिकण्यापुरता स्टुडंट पास मिळतोय, पण ती राहणार कुठे, असं वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. दादांनी रिकामा कप बशीत नीट बसवला.

"माझी पोरगी ठेवशील का?" दादा म्हणाले. "परीक्षेपर्यंत."

बावीस वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं वहिनींना आठवत नव्हतं. मी हो म्हटलं. ते उठले आणि माझं घर तपासू लागले. खिडक्यांच्या जाळ्या ओढून पाहिल्या, गॅसचं बटण चार वेळा फिरवलं, पलंगावर हात टेकून सगळा भार दिला. दाराशी उभी राहून मी जीव मुठीत धरून बघत होते. एवढी धाकधूक मला माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेलाही झाली नव्हती. बाथरूममधून बाहेर येऊन ते इतकंच म्हणाले की पायपुसणं बदल, हे सरकते. मी त्याच संध्याकाळी नवं आणलं.

मग ते दोघे नागपूरला गेले. मुलगी माझ्याकडे सात महिने राहिली. मला मावशी म्हणायची, इंग्रजीत भांडायची, आणि झोपेत मात्र मराठीत बोलायची. दादा रोज फोन करत. मुलीशी दोन मिनिटं, माझ्याशी दहा. काय खाल्लं, किती झोपली, खोकला कोरडा की ओला. नागपुरात ते एका शाळेजवळ दुरुस्तीचं दुकान चालवू लागल्याचं मला वहिनींकडून कळलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

पहिल्या पेपरच्या दिवशी सव्वासहाला तिला घरातून निघायचं होतं. ती पोहे खात असताना माझा फोन वाजला. नागपुरात अजून चारही वाजले नसतील.

"तिला देऊ नको," दादा म्हणाले. "माझ्या आवाजानं घाबरेल. फक्त टेबलावर ठेव."

मी फोन चालूच ठेवून तिच्या ताटलीशेजारी ठेवला. कुणाचा होता, असं तिने विचारलं. लॅबमधून, मी म्हटलं. तिने पोहे संपवले, पाणी प्यायलं, कॅल्क्युलेटर सापडेना म्हणून खुर्च्या सरकवल्या, मग तो दप्तरातच सापडला म्हणून स्वतःवर चिडली. बुटांच्या नाड्या बांधल्या. "बाय, मावशी," म्हणाली. दार लागलं.

मी फोन कानाला लावला. "गेली," म्हटलं.

"ऐकलं," ते म्हणाले. आणि मग, "वरून दिसते का?"

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन कठड्यापाशी उभी राहिले. नुकतं उजाडू लागलं होतं. ती लिफ्टमधून बाहेर पडून एमआरटी मेट्रोच्या दिशेने चालली होती, दप्तर एकाच खांद्यावर. मी ते त्यांना सांगितलं. चालते कशी, त्यांनी विचारलं. भराभर, मी म्हटलं. पुढच्या इमारतीपाशी ती वळली आणि दिसेनाशी झाली.

"अजून दिसते?"

"दिसते," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही. खाली रस्ता मोकळा होता, आणि मी आणखी बराच वेळ दिसते, दिसते, असं म्हणत राहिले.