सत्तरच्या गाडीचा आवाज

आमच्या गावात माणसाची लायकी त्याच्या अंगणावरून ठरते. ज्याच्या अंगणात एकही गाडी बॉनेट वर करून उभी नाही, त्याच्याबद्दल लोक जरा जपूनच बोलतात. माझ्याबद्दलही जपूनच बोलतात. मी रॉइस. तीस वर्षं शाळेची बस चालवली, पण स्वतःच्या गाडीचं तेल बदलायला मी पैसे मोजून गॅरेजात जातो. ही गोष्ट व्हर्लिन स्टकीने एकदा चर्चच्या जेवणात चारचौघांत सांगितली, तेव्हा माझ्या बायकोने मान खाली घातली होती.

हा व्हर्लिन माझा शेजारी. वय चौऱ्याहत्तर, उभा जन्म कॅन्ससातल्या याच गावात, धान्याच्या कोठारावर नोकरी केली. मूलबाळ नाही, पण दोन गाड्या आहेत आणि त्यांना तो जन्मसालाने हाक मारतो. पिकअप ती ब्याऐंशी आणि दोन दारांची लाल कार ती सत्तर. कंपन्यांची नावं मी सांगणार नाही. त्यावरून आमच्याकडे सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं आहे.

दोन्ही लेकरांत व्हर्लिनने उघड उघड डावं-उजवं केलं. ब्याऐंशीने गवताचे भारे ओढले, आजारी वासरं डॉक्टरकडे नेली, पाद्रीबाबांचा पियानो वाहिला, आणि मोबदल्यात तिला वेळच्या वेळी तेल आणि अधूनमधून बुक्की मिळाली. तिचं दार फक्त बाहेरून उघडतं, म्हणून ऐन थंडीतही काच खाली ठेवावी लागते. सत्तरचा थाट वेगळा. तिच्यासाठी गॅरेजात उन्हाळ्यात पंखा आणि हिवाळ्यात हीटर. अर्डिथच्या, म्हणजे व्हर्लिनच्या बायकोच्या, शिवणाच्या खोलीला हीटर नाही. अर्डिथने हे एकदा बोलून दाखवलं, तर व्हर्लिन म्हणाला की शिवणयंत्राला गंज चढत नाही.

पण कान मात्र त्याचे खरे. स्वयंपाकघरात बसून तो सांगायचा, रस्त्यावरून कोणाची गाडी गेली आणि तिचा कितवा सिलिंडर रुसलाय. लांबलांबचे लोक त्याला फोन करून तो फोन इंजिनाजवळ धरत. एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता त्याच्याकडे. टोक इंजिनावर, मूठ कानाला लावून डोळे मिटायचा आणि डॉक्टरसारखा ‘हं’ म्हणायचा. गाडीत बसल्यावर तर कोणी बोलायचं नाही असा दंडक. अर्डिथला गुणगुणायची सवय. चर्चमध्ये ती गाते, तेही सगळ्यांपेक्षा जरा वरच्या पट्टीत. गाडीत मात्र तिला बंदी, कारण त्यामुळे म्हणे इंजिन ऐकू येत नाही.

अशा या कानाला दहा वर्षांपूर्वी सत्तरच्या इंजिनातून टिक टिक ऐकू आली. टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या झडपा उचलणाऱ्या भागाचा आवाज. तो नेमका त्याच वर्षी यावा हे अर्डिथचं नशीब. लग्न झाल्यावर दोघं याच सत्तरमधून कोलोरॅडोच्या डोंगरांत गेली होती, एका तळ्याकाठी लाकडी खोली घेऊन आठवडाभर राहिली होती. लग्नाच्या चाळिसाव्या वर्षी याच गाडीतून तिथेच जायचं ठरलेलं होतं. व्हर्लिनने जाहीर केलं की टॅपेटचा आवाज गेल्याशिवाय गाडी जिल्ह्याबाहेर जाणार नाही. अर्डिथने माळ्यावरून काढलेली बॅग परत माळ्यावर ठेवली. पुढच्या सप्टेंबरात काढली आणि ठेवली. त्याच्या पुढच्याही.

दरम्यान व्हर्लिनने दोनदा टॅपेट बदलली, स्प्रिंगा बदलल्या, गास्केटं बदलली, व्हॉल्व्हच्या फटी पातळ पट्ट्या घालून इतक्या वेळा मोजल्या की त्या पट्ट्या झिजल्या. या सगळ्यात मी उजेडासाठी हातात बॅटरी धरत होतो. साठी उलटलेला माणूस मी, पण त्याच्या गॅरेजात माझी पायरी बॅटरी धरणाऱ्या पोराचीच. बॅटरी कधी नीट धरली, असं त्याने मला एकदाही म्हटलं नाही.

आणि मग यंदा एप्रिलमध्ये तो कुंपणाशी आला. चेहरा उजळलेला, आणि बोलणं हल्ली असायचं तसं मोठ्याने. आवाज गेला म्हणाला. काहीएक न बदलता, आपोआप गेला. शनिवारी सगळ्यांना बोलावलंय, तूही ये.

शनिवारी गॅरेजात आठजण घडीच्या खुर्च्या मांडून बसलो. पाद्रीबाबाही होते. अर्डिथने कॉफी दिली. व्हर्लिनने सत्तर सुरू केली, बॉनेट उघडलं आणि आमच्याकडे बघत हात पसरले.

टिक टिक टिक टिक. घड्याळाच्या दुकानात बसल्यासारखं.

“ऐकलंत?” व्हर्लिन म्हणाला. “काही आहे का? काही म्हणजे काही नाही.”

आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिलो. दहा वर्षं या आवाजावर आठजणांची आठ मतं होती आणि त्यावरून भांडणंही झाली होती. त्या दिवशी एकाचंही तोंड उघडेना. व्हर्लिन पाद्रीबाबांकडे वळला. त्यांना खोटं बोलायची सोय नाही. ते जरा विचार करून म्हणाले की देवाची करणी माणसाला कळत नाही. व्हर्लिनला ते फारच आवडलं.

आवाज गेला नव्हता. कान गेले होते. आयुष्यभर कोठाराचे पंखे आणि बिनसायलेन्सरची इंजिनं ऐकून ते हळूहळू गेले, आणि बारीक आवाज सगळ्यात आधी गेले. अर्डिथला प्रत्येक गोष्ट त्याला तीनदा सांगावी लागते, टीव्ही आमच्या घरापर्यंत ऐकू येतो, हे सगळ्यांना दिसत होतं. पण व्हर्लिनला कानांबद्दल सांगायचं म्हणजे पाद्रीबाबांना देव नाही असं सांगण्यासारखं. कॉफीच्या दुकानात बैठक भरली आणि एकमताने ठरलं की रॉइसने सांगावं. कारण काय, तर कुंपण त्याचं लागून आहे.

गेलो मी. पण गॅरेजपर्यंत पोचलोच नाही. अर्डिथने मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं, आत बसवलं आणि समोर वाडगाभर चिली, म्हणजे खिम्या-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा रोल ठेवला. आमच्याकडे असं अगत्य झालं की समजायचं, काहीतरी मागणं आहे.

“तू काय सांगायला आलास ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मला काय ऐकू येत नाही होय? अरे, त्याने काल स्वतः फोन करून तळ्यावरची खोली घेतली. पलीकडची बाई काय बोलतेय ते मी त्याला पाटीवर लिहून दाखवत होते. सप्टेंबरात पन्नास वर्षं होतील, रॉइस. तू तोंड उघडलंस की तो बॉनेट उघडेल, आणि मग ते काही मिटायचं नाही.”

बॅग माळ्यावरून खाली आली होती. जेवणाच्या टेबलाशेजारी खुर्चीवर ठेवलेली, जेवायला बसल्यासारखी. मी चिली संपवली आणि घरी आलो.

पण सांगतो, तो उन्हाळा मला जड गेला. मला गाडीतलं कळत नाही असं व्हर्लिन म्हणतो, पण तीस वर्षं मी इंजिनाच्या मागेच बसलो होतो. जूनमध्ये टिक टिक होती ती ऑगस्टमध्ये ठक ठक झाली. आतला कुठलातरी भाग झिजत चालला होता. हे इंजिन डोंगर चढणार नाही, माळावरच कुठेतरी बसेल, आणि ज्या इंजिनाला व्हर्लिनने बायकोपेक्षा जास्त जपलं त्याचा भुगा होईल, हे मला दिसत होतं. आणि व्हर्लिन रोज संध्याकाळी गाडी पुसत शीळ घालायचा. शीळही बेसूर झाली होती. मला त्याचा राग यायचा, दया यायची, आणि सगळ्यात जास्त स्वतःचीच लाज वाटायची.

निघायचं शनिवारी. गुरुवारी त्याने तेल बदलायला काढलं आणि मला बॅटरी धरायला हाक मारली.

तेल बदलणं हा आमच्याकडे एक विधी आहे. गॅरेजवाले जुना ऑइल फिल्टर काढून फेकून देतात, म्हणून व्हर्लिन त्यांना माणसांत धरत नाही. तो फिल्टर पत्र्याच्या कात्रीने कापतो, आतला घड्याघड्यांचा कागद सोडवतो आणि दारात उन्हात धरून घडी न् घडी बघतो. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते त्या कागदावर उमटतं म्हणतो. उन्हाळाभर गाडी फारशी फिरली नव्हती, त्यामुळे फिल्टर कापायची ही या वर्षातली पहिलीच वेळ. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. अर्डिथच्याही नसावं.

त्याने कागद उन्हात धरला आणि तो चमकला. घड्याघड्यांत बारीक चंदेरी चुरा. व्हर्लिनने बोटावर घेऊन चोळला. लोहचुंबक आणलं. चुरा टुणकन चिकटला. मग त्याने कागदाकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. सगळं गणित त्याच्या चेहऱ्यावर मांडलं जात होतं, आणि मी उन्हात उभा राहून पेटलेली बॅटरी धरली होती.

“रॉइस,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला. “आवाज येतोय का रे?”

“येतोय.”

“कधीपासून?”

“गेलाच नव्हता.”

त्याने कागद खाली ठेवला. फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसू लागला. दहा बोटं पुसायला त्याला बराच वेळ लागला.

“पाद्रीबाबांनापण?”

“पाद्रीबाबांनापण.”

तिसरं नाव त्याने विचारलं नाही, कारण ते दारात उभं होतं. अर्डिथच्या हातात त्याच्या इस्त्रीच्या शर्टांची चळत होती. तिने जमिनीवरचा कापलेला फिल्टर बघितला आणि तिला सगळं समजलं. इतकी वर्षं तिने उगाच नाही काढली त्या घरात.

व्हर्लिन चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “इंजिन वाटेत बसलं असतं, अर्डिथ. तुला माहीत होतं.”

अर्डिथ त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, त्याला ओठ दिसतील अशी. “माहीत होतं,” ती म्हणाली. “वाटेत बंद पडली असती, पण आपण वाटेला तरी लागलो असतो.”

शर्टांची चळत तिने सत्तरच्या बॉनेटवर ठेवली आणि ती आत गेली. त्या बॉनेटवर कोणी टोपीसुद्धा ठेवलेली व्हर्लिनला चालत नसे. मी बॅटरी विझवली आणि घरी आलो. जेवताना बायको म्हणाली, तू बॅटरी त्यांचीच घेऊन आलास.

शुक्रवारी सकाळी दोघं ब्याऐंशीतून तालुक्याला गेली. परत आली तेव्हा व्हर्लिनच्या हातात कानांच्या दोन मशीनांची डबी होती, औषधांच्या दुकानातून घेतलेली. बॅटरी परत द्यायच्या निमित्ताने मी कुंपणाशी रेंगाळलो. तो सरळ गॅरेजात गेला, मशीनं कानांत घातली आणि सत्तर सुरू केली. मिनिटभर कान देऊन उभा राहिला.

“आहे,” तो म्हणाला. मलाच म्हणाला की गाडीला, कोण जाणे.

मला वाटलं, झालं. आता पाना हातात घेणार, उद्याचं राहिलं, बॅग माळ्यावर जाणार. त्याने गाडी बंद केली, बॉनेट हलक्या हाताने मिटलं, आणि तिच्यावर चादर घातली. माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि म्हणाला, “उन्हात कशाला पेटवून धरली होतीस?”

शनिवारी निरोप द्यायला निम्मं गाव रस्त्यावर. ब्याऐंशीच्या हौद्यात ताडपत्रीखाली एक बॅग, आणि बॅगेच्या दुप्पट हत्यारांची पेटी. मागचा फाळका दोरीने बांधलेला. व्हर्लिनने अर्डिथला बाहेरून दार उघडून दिलं. चढताना ते तिला स्वतःलाही उघडता येतं, पण त्या दिवशी त्याने जरा ऐटीत उघडून दिलं. गाडी सुरू झाली आणि आम्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की बिचाऱ्याने ब्याऐंशी गेल्या कित्येक वर्षांत धड ऐकलेलीच नाही. खडखड, चरचर, कुरकुर, पत्र्याचं वेगळं, फाळक्याचं वेगळं. ते सगळं आता यंत्रातून मोठं होऊन त्याच्या कानांत शिरत असणार.

धान्याच्या कोठाराच्या कोपऱ्यावर ब्रेकचा दिवा लागला. एकच लागतो, डावा. गाडी थांबली. माझ्या शेजारी पाद्रीबाबांनी डोळे मिटले. आता दार उघडणार, आता तो उतरणार, आता बॉनेट वर जाणार. मी मनातल्या मनात मोजत होतो. साठपर्यंत पोचलो.

दिवा विझला. ब्याऐंशी खडखडत पश्चिमेला वळली आणि दिसेनाशी झाली.

कोपऱ्यावर काय झालं ते आठवडाभराने आलेल्या अर्डिथच्या पोस्टकार्डावरून कळलं. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला तिचं ठसठशीत अक्षर. लिहिलं होतं: “गाडी थांबवून म्हणाला, इंजिनाचा कुठलातरी पट्टा किरकिरतोय. मी म्हटलं, पट्टा नाही, मी गातेय. गेली तीन वर्षं तुझ्या शेजारी बसून रोज गातेय. बंद करू का? त्याने कानांतली दोन्ही मशीनं चाचपून पाहिली. मग गाडी गिअरमध्ये टाकली आणि म्हणाला, नको. चालू दे.”